आजच्या हवेची नोंद

"हातोडी आधी खाली दे," मॅडम शिडीच्या पायथ्याशी उभ्या राहून सांगतात. आवाज चढलेला नाही, पण छपरावर फळीवर ओणवा बसलेला पोरगा हात आवरतो. त्याच्या पुढ्यातल्या सिमेंटच्या पत्र्याचे चार तुकडे झालेत. कडेनं निघालेली करडी भुकटी वाऱ्यावर थोडी तरंगते आणि दिसेनाशी होते.

"बोल्ट गंजलाय मॅडम, फिरत नाय. फोडला तर पटकन निघतो," तो वरून म्हणतो.

"माहितीये मला. कटरनं बोल्ट काप. पत्रा अख्खा उतरला पाहिजे. आणि पाणी मारल्याशिवाय पुढच्याला हात लावू नकोस."

मोऱ्याच्या कोळीवाड्यातली ही जाळ्यांची शेड आहे. मे महिन्यातली पौर्णिमा, सकाळचे साडेनऊ वाजलेत. उत्तरेला घारापुरीचा डोंगर उन्हात धुरकट दिसतोय, त्याच्या उजव्या अंगाला न्हावा-शेव्याच्या क्रेन. धक्क्यावर भाऊच्या धक्क्याहून आलेली लाँच लागलीय आणि उतारू उरणकडे जाणाऱ्या रिक्षांकडे पळताहेत. एक जूनपासून मासेमारी बंद होईल, होड्या वर ओढल्या जातील, जाळी शेडमध्ये येतील. त्याआधी छप्पर बदलायचं असं शेडच्या मालकानं, म्हणजे म्हाताऱ्या नाखव्यानं, ठरवलंय. जुने पत्रे उतरवायला दोन पोरं लावलीत. आणि त्या उतरवण्यात हवेत काय उडतं ते मोजायला मॅडम आपल्या एका तरुण सहकाऱ्याला घेऊन आल्यात.

मॅडम भूशास्त्राच्या एम.एस्सी. पर्यावरण तपासणीच्या एका प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख आहेत. तीसहून जास्त वर्षं त्यांनी मुख्यतः एकच काम केलंय, हवेतले ॲस्बेस्टॉसचे तंतू मोजण्याचं. त्यांना नाव छापून नको आहे. "माझं नाव कशाला, मोजणी लिहा," असं त्या म्हणतात, म्हणून मी मोजणीच लिहितोय.

छपरावरच्या पोराच्या कॉलरला एक काळी नळी चिमट्यानं लावलीय. तिचं तोंड खाली, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर. नळीच्या आत पंचवीस मिलिमीटर व्यासाची पांढरी गोल चकती आहे, सेल्युलोजच्या पातळ पडद्याची. तिची छिद्रं मायक्रॉनच्या आठ दशांशाएवढी. रबरी नळी कमरेच्या पट्ट्यावरच्या छोट्या पंपाला जोडलीय आणि पंप दर मिनिटाला दोन लिटर हवा त्या चकतीतून ओढतोय. पोरगा ज्या हवेत श्वास घेतो त्याच हवेचा वाटा चकतीवर साठत जातो. दुसरा पंप, जरा मोठा, शेडपासून वीस-पंचवीस पावलांवर तिपाईवर ठेवलाय, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तिथेच बोंबील सुकवायच्या वलांडी आहेत.

"मावशी, हे बोंबील आज काढून घ्या," मॅडम नाखव्याच्या बायकोला सांगतात.

"अजून सुकले नाय बाय ते."

"मागच्या अंगणात बांधा. इथं आज धूळ येणार."

मावशी क्षणभर मॅडमच्या तोंडाकडे बघते आणि सुनेला हाक मारते. दोघी मिळून बोंबलांच्या माळा उतरवायला लागतात. धूळ म्हणजे काय हे मॅडमनी आल्या आल्या ओसरीवर बसून सांगितलंय, म्हणून प्रश्न येत नाही.

नाखवा शेडच्या सावलीत जाळं विणत बसलाय. ही शेड त्यानं चाळीसेक वर्षांपूर्वी बांधली. आधी टिनाचा पत्रा होता. खाऱ्या वाऱ्यानं तो काही वर्षांत चाळणीसारखा झाला. मग उरणच्या दुकानातून सिमेंटचे पत्रे आणले. गंजत नाहीत, सडत नाहीत, आवाज करत नाहीत, उन्हात टिनाइतके तापत नाहीत. "चांगला माल होता," तो म्हणतो. मॅडम ते नाकारत नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर घरोघरी हा पत्रा का पोचला याचं उत्तर त्यातच आहे, आणि ते उत्तर खरं आहे. सिमेंटमध्ये साधारण दहा टक्के ॲस्बेस्टॉस घातला की पातळ पत्राही ताण सहन करतो. तंतू सिमेंटमध्ये बांधलेला आहे तोवर तो फारसा सुटत नाही. पत्रा फोडला, कापला, भोक पाडलं, तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडलं, किंवा वर्षानुवर्षांच्या पावसानं वरचा सिमेंटचा थर झिजला, की तंतू मोकळा होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा जिल्हाभर असे पत्रे उडाले, फुटले. त्यांचे तुकडे लोकांनी उचलून खड्ड्यांत, वाटांवर, गोठ्याच्या जमिनीत भरले. नाखव्याच्या शेडचेही दोन पत्रे तेव्हा गेले होते. त्यांचे तुकडे आजही मागच्या वाटेवर पायाखाली आहेत. मॅडमनी सकाळी ती वाट बघितली आणि पाण्याचा पाइप आधी तिकडे वळवायला लावला.

आता बादलीत कपडे धुण्याचा साबण विरघळतोय. साध्या पाण्यापेक्षा साबणाचं पाणी पत्र्यात चांगलं मुरतं. तरुण सहकारी शिडीवर चढून पोरांच्या तोंडावरचे मास्क पुन्हा तपासतो. सकाळी दोघांनी तोंडाला गमछे बांधले होते. गमछ्यातून हा तंतू सहज जातो. मॅडमनी येताना रबरी अर्धमुखवटे आणि त्यांचे गुलाबी गाळणीचे डबे आणलेत. दाढीचे खुंट असले की मुखवटा नीट बसत नाही, म्हणून एका पोराला सकाळी सकाळी नाक्यावरच्या सलूनमध्ये पाठवून दाढी करायला लावलीय. दोघांच्या अंगाखाली छपरावर लांब फळ्या टाकल्यात, कारण असला जुना पत्रा माणसाच्या वजनानं कोसळतो आणि त्यातून खाली पडून माणसं दगावतात.

थोड्या वेळानं मॅडम पोराला खाली बोलावतात. पंप बंद करतात, वेळ लिहितात, नळीला टोपण लावतात, त्यावर क्रमांक घालतात. फिरत्या गोळीच्या काचनळीनं पंपाचा प्रवाह परत तपासतात. सुरुवातीला दोन लिटर होता, आताही दोनच आहे. मग दुसरी चकती लावून त्याला परत वर पाठवतात. पहिल्या चकतीत हातोडीनं फोडलेले पत्रे आहेत. दुसरीत कटर, साबणाचं पाणी आणि अख्खे उतरवलेले पत्रे येतील. आणखी दोन चकत्या डबीतच बंद आहेत. त्यांच्यातून हवा ओढलीच नाही. "या कोऱ्या," त्या सांगतात. "यांच्यावर तंतू सापडले तर दोष माझ्या डबीचा, मोऱ्याच्या हवेचा नाही. आधी स्वतःवर संशय घ्यायचा."

दुपारी बारा वाजता भरती अंगणाच्या बांधापर्यंत येते. पत्रे उतरलेत. ओल्या अंगानं ते जाड प्लास्टिकमध्ये एकावर एक गुंडाळले जाताहेत, दुहेरी, आणि कडा चिकटपट्टीनं बंद होताहेत. झाडू कोणी घ्यायचा नाही. जमीन ओल्या फडक्यांनी पुसायची आणि फडकीही त्याच प्लास्टिकमध्ये टाकायची. तळोज्याला घातक कचऱ्याची खास जागा आहे, गुंडाळलेला माल तिकडे न्यायचा असं ठरलंय. टेम्पोचं भाडं कोण देणार यावर नाखव्याचं आणि त्याच्या मुलाचं थोडं बोलणं होतं आणि मिटतं.

पोरं अंगातले शर्ट काढायला लागतात. मॅडम त्यांना थांबवतात. "शर्ट आधी भिजवा, मग काढा. आणि घरी न्यायचे नाहीत."

"आई धुते मॅडम."

"म्हणूनच न्यायचे नाहीत."

मग त्या उभ्या उभ्याच त्याला लंडनची हकिगत सांगतात. १९६५ मध्ये म्युरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन या दोघींनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा आयुष्यक्रम तपासला. मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. ॲस्बेस्टॉसशी संबंध नसताना तो फार क्वचित होतो. रुग्णांत कारखान्यातले कामगार होतेच. पण काही बायका अशा निघाल्या, की ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी घरच्या कामगाराचे कपडे धुतले होते. आणि काही जण फक्त कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. पोरगा ऐकतो, शर्टावर बादली ओतून घेतो आणि शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो.

नाखव्याच्या घरची पुढची खोली आता प्रयोगशाळा झालीय. पंखा बंद, खिडक्या बंद. शेगडीही बंद, कारण ॲसिटोन पेटतं. टेबलावर सहकारी एक लहान तापता ठोकळा मांडतो. चकती काचपट्टीवर ठेवून तो तिच्यावर ॲसिटोनची वाफ सोडतो. पांढरा पडदा बघता बघता काचेसारखा पारदर्शक होतो. त्यावर ट्रायॲसिटिनचा एक थेंब, वर पातळ काच. दुसऱ्या टेबलावर पेटीतून काढलेला फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक. मोजणीआधी मॅडम एक जुनी चाचणीपट्टी त्याखाली घालतात. तिच्यावर कोरलेल्या रेघा टप्प्याटप्प्यानं बारीक होत जातात. ठरावीक टप्प्यापर्यंतच्या रेघा दिसायला हव्यात आणि पुढच्या दिसायला नकोत. कमी दिसलं तर यंत्र किंवा डोळा चुकतोय. जास्त दिसलं तरीही इतर प्रयोगशाळांशी आकडा जुळणार नाही.

आता त्या भिंगाला डोळा लावतात. हातातला मोजणीयंत्राचा खटका वाजतो. थोड्या वेळानं पुन्हा वाजतो.

मला बघू देतात. दृष्टिक्षेत्रात एक वर्तुळ कोरलेलं आहे, शंभर मायक्रॉन व्यासाचं. त्यात करड्या पार्श्वभूमीवर काही चौकोनी कण चमकताहेत. "मीठ," त्या मागून सांगतात. "इथल्या प्रत्येक चकतीवर असतंच." एका बाजूला जाड, सरळ, दोरीसारखा धागा आहे, तो जाळ्याचा नायलॉन. त्याची रुंदी तीन मायक्रॉनहून कितीतरी जास्त, म्हणून तो मोजायचा नाही. आणि वर्तुळाच्या काठाशी एक बारीक, किंचित वळलेली काळी रेघ. मॅडम फोकस थोडा फिरवतात तशी ती रेघ स्पष्ट होते, पुसट होते, पुन्हा स्पष्ट होते. हा तो तंतू. लांबी पाच मायक्रॉनहून जास्त, रुंदी तीनहून कमी, लांबी रुंदीच्या किमान तिप्पट. तो मोजायचा. दोन्ही टोकं वर्तुळात असली तर एक. एक टोक बाहेर असलं तर अर्धा. दोन्ही बाहेर असली तर शून्य. अशी शंभर वर्तुळं.

"हा ॲस्बेस्टॉसच आहे कशावरून?" मी विचारतो.

"या सूक्ष्मदर्शकानं नाही सांगता येत. याला फक्त आकार कळतो. तो ॲस्बेस्टॉस आहे हे पत्र्याच्या तुकड्यावरून ठरवलंय." गेल्या आठवड्यात नाखव्याच्या मुलानं त्यांच्याकडे पत्र्याचा एक तुकडा पाठवला होता. त्यातली तंतूंची गुंडी सोडवून त्यांनी १.५५० वक्रीभवनांकाच्या द्रवात ठेवली आणि ध्रुवित प्रकाशाखाली पाहिली. लाटेसारखे वळणारे, रेशमी तंतू, त्यांच्या कडांना जांभळट निळा रंग. तो क्रिसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. निळा क्रोसिडोलाइट किंवा तपकिरी अमोसाइट असता तर तंतू सरळ असते आणि रंग वेगळे आले असते. क्रिसोटाइलचा सुटा तंतू मुळात मायक्रॉनच्या काही शतांशांएवढाच जाड असतो. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मायक्रॉनच्या पाव भागाहून बारीक काही दिसत नाही. "म्हणजे मी जे मोजते त्याहून हवेत जास्त असतं. अहवालात ही ओळ मी कधी गाळत नाही," त्या म्हणतात. त्याहून बारीक बघायचं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो कोळीवाड्यात आणता येत नाही.

खटका वाजत राहतो. मधल्या विश्रांतीत, डोळे मिटून बसल्या बसल्या, त्या आपल्या कामाची सुरुवात सांगतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या या कामात आल्या. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तंतू मोजायला शिकल्या. पहिल्या काही महिन्यांत एकच पट्टी त्यांनी आणि शेजारच्यानं मोजली की दोघांचे आकडे वेगळे यायचे. शिकवणाऱ्यांनी तीच पट्टी दोघांना पुन्हा पुन्हा मोजायला लावली. आजही त्यांच्या प्रयोगशाळेत पट्ट्यांचा काही भाग दुसऱ्या माणसाकडून, पहिला आकडा झाकून, परत मोजला जातो. बाहेरच्या प्रयोगशाळांशी पट्ट्यांची देवघेव होते. आकडे फार लांब गेले तर मोजणाऱ्याचं काम थांबवून त्याला पुन्हा शिकवलं जातं. थकलेल्या डोळ्यांना तंतू कमी दिसतात, म्हणून कोणी दिवसभर सलग मोजत नाही.

एका कारखान्याची आठवण त्या सांगतात, नाव न घेता. नमुने घ्यायला गेल्या की नेमकं त्याच दिवशी गोण्या फोडायचं यंत्र बंद असायचं. मग त्यांनी पाळीच्या वेळापत्रकाची नक्कल मागितली आणि नमुने रात्रपाळीत घेतले. तिथं बायका रिकाम्या गोण्या झटकून घड्या घालत होत्या, परत विकण्यासाठी. "त्या बायकांच्या कॉलरवरच्या चकत्या इतक्या भरल्या होत्या की तंतू मोजताच येईनात. एकावर एक पडलेले. मी अहवालात 'मोजता येत नाही इतके' असं लिहिलं, आणि पंधरा मिनिटांचे छोटे नमुने घेऊन आले. तेव्हा आकडा मिळाला." तो आकडा त्या सांगत नाहीत. तो त्या बायकांच्या मालकीचा आहे असं त्यांना वाटतं.

"पण आकडा घेऊन करायचं काय?" हा प्रश्न माझा नाही. दारात उभा असलेला, आंघोळ करून आलेला पत्र्यावरचा पोरगा विचारतो. सव्वीस वर्षांचा आहे. मॅडम त्याला आत बोलावून खुर्चीवर बसवतात.

"हा आजार लगेच येत नाही," त्या सांगतात. "वीस, तीस, चाळीस वर्षांनी येतो. तेव्हा धूळ कुठे असते? कारखाना बंद झालेला असतो, शेड पडलेली असते, मुकादम मेलेला असतो. माणूस दम लागतोय म्हणून डॉक्टरकडे जातो. डॉक्टर विचारतो, कुठं काम केलंस, किती धूळ होती? त्याच्याकडे कागद नसतो. मग तो क्षयाचा रुग्ण ठरतो, नाहीतर बिडी ओढतोस म्हणून झालं, असं ऐकतो."

हे मुंबईत घडलेलं आहे. २००५ मध्ये डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची तपासणी प्रसिद्ध केली. तपासलेल्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश कामगारांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. या आजारात फुप्फुसावर वण पडत जातात आणि श्वास आखूड होत जातो. त्याला औषध नाही. त्याआधी दहा वर्षं, २७ जानेवारी १९९५ ला, सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला होता. ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सोडल्यानंतर पंधरा वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायची. आणि सगळ्या कारखान्यांनी पडद्याच्या चकतीची, म्हणजे आज मोऱ्यात चालू आहे तीच, चाचणी करायची. आजाराचा कालावधी ओळखून न्यायालयानं नोंदीचा कालावधी ठरवला होता. मॅडमच्या मते त्यांच्या व्यवसायाला मिळालेली ती सर्वांत स्पष्ट आज्ञा आहे. पण ती कारखान्यांसाठी आहे. छपरावर रोजंदारीनं चढणारा पोरगा कुठल्याच रजिस्टरात नाही.

"आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंदच आहेत ना आता?" मी विचारतो.

"खाणींना नवे पट्टे मिळत नाहीत. बाहेरून येतो. कॅनडानं २०१८ मध्ये बंदी घातली, ब्राझीलनं त्याआधी, युरोपीय संघानं २००५ पासून. आपल्याकडे पांढरा अजून चालतो. आणि पांढरासुद्धा कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं कधीच सांगितलंय. पण उद्या बंदी आली तरी आधी बसवलेले पत्रे राहणारच. ते उतरवणारी माणसंही राहणार. माझं काम बंदीनंतर वाढेल."

त्या पुन्हा भिंगाकडे वळतात. चार वाजलेत. नाखव्याचा मुलगा दारातून सांगतो की पौर्णिमेची ओहोटी आहे, पाणी खोल जाईल, गाळ उघडा पडेल आणि लाँच बंद होईल. शेवटची आत्ता सुटतेय. सहकारी मॅडमकडे बघतो. एक चकती अजून दुसऱ्यांदा मोजायची बाकी आहे.

"सुटू दे," मॅडम डोळा न काढता म्हणतात. "उरणहून ट्रेननं जाऊ."

नेरूळ-उरण मार्गावर जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते. त्याआधी अशा वेळी पाणी चढेपर्यंत थांबावं लागे, नाहीतर खाडीला वळसा घालून जावं लागे. मॅडमनी दोन्ही केलंय. घाईनं मोजलेली चकती त्यांच्या लेखी न मोजलेल्या चकतीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर लोक विश्वास ठेवतात.

पाच वाजता हिशेब होतो. नाखवा, मावशी, सून, दोघं पोरं, शेजारचे चार-पाच जण ओसरीवर जमलेत. मॅडम वहीत आकडेमोड करून दाखवतात, म्हणजे उत्तराबरोबर रीतही दिसेल. पहिली चकती: शंभर वर्तुळांत बावीस तंतू. चकतीच्या ज्या भागातून हवा जाते त्याचं क्षेत्रफळ एका वर्तुळाच्या सुमारे एकोणपन्नास हजार पट. म्हणजे चकतीवर साधारण दहा हजार आठशे तंतू. ते आले नव्वद मिनिटांत ओढलेल्या एकशे ऐंशी लिटर हवेतून. म्हणजे दर मिलिलिटरला ०.०६ तंतू.

"हे जास्त की कमी?" सून विचारते.

"आपल्या कारखाने कायद्यात मर्यादा दर मिलिलिटरला एक तंतू होती. त्याच्या खूप खाली आहे. अमेरिकेत ०.१ आहे, त्याच्याही खाली. युरोपीय संघानं २०२३ मध्ये ०.०१ केलीय. त्याच्या सहापट आहे. आता नुसत्या मर्यादा सोडा आणि असं बघा. एका लिटरमध्ये साठ तंतू. हा पोरगा वर मेहनतीचं काम करत होता. दीड तासात त्यानं अठराशे लिटरच्या आसपास हवा घेतली असणार. मुखवटा नसता तर लाखभर तंतू नाकातोंडात गेले असते. चार पत्रे फोडण्यापायी."

ओसरीवर कोणी बोलत नाही. मॅडम पुढची चकती घेतात. साबणाचं पाणी आणि कटरनं उतरवलेले पत्रे: शंभर वर्तुळांत चार तंतू. "एवढ्या थोड्या तंतूंवरून खात्रीचा आकडा देता येत नाही. म्हणून मी '०.०३ पेक्षा कमी' असं लिहिते. शून्य नाही लिहीत. शून्य मला दिसलेलं नाही." वलांडीपाशी ठेवलेला नमुना: दोनशे वर्तुळांत तीन, म्हणजे ०.०१ पेक्षा कमी. कोऱ्या चकत्यांवर काही नाही.

"म्हणजे पाण्यानं एवढा फरक पडतो," नाखवा हळू म्हणतो. "मग आमी इतकी वर्सं..." तो वाक्य पुरं करत नाही. निसर्ग वादळानंतर मागच्या वाटेवरचे तुकडे त्यानंच हातोडीनं बारीक करून चोपले होते. मॅडम त्याच्या शेजारी बसतात. "बाबा, एकदा-दोनदा पत्रा फोडला म्हणून आजार होतोच असं नाही. वर्षानुवर्षं रोज धुळीत राहणाऱ्याला धोका जास्त. पण किती कमी असलं की धोका नाहीच, असा आकडा आजवर कोणाला सापडलेला नाही. म्हणून पुढं नको. ती वाट ओली करून तुकडे गोळा करा, आणि राहिलेल्यावर मातीचा आणि सिमेंटचा थर द्या." बिडी सोडा, हेही त्या सांगतात. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. न्यूयॉर्कच्या आयर्विंग सेलिकॉफ यांनी ते साठच्या दशकात उष्णतारोधक आवरणं बसवणाऱ्या कामगारांच्या अभ्यासातून दाखवलं.

मग त्या दोन कोरे कागद काढतात. पहिल्यावर पोराचं नाव, आजची तारीख, काम, वेळ, पंपाचा प्रवाह, वापरलेला मुखवटा, पहिला आकडा, दुसरा आकडा, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. दुसऱ्या कागदावर दुसऱ्या पोराचं तसंच. त्याच्या कॉलरवर पंप नव्हता, तो शेजारी काम करत होता, हेही तिथे स्पष्ट लिहितात. "हे रेशनकार्डाबरोबर ठेव," त्या सव्वीस वर्षांच्या पोराला सांगतात. "फोटो काढून मोबाइलमध्ये ठेव. मोबाइल बदलशील, कागद हरवू नकोस. कधी छातीचा एक्स-रे काढलास तर डॉक्टरला हा दाखव."

या कामाला शास्त्र म्हणावं की नोंद ठेवणं, हा प्रश्न दिवसभर माझ्या मनात होता. आता तो मला महत्त्वाचा वाटत नाही. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केप प्रांतातल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या पट्ट्यातल्या मेसोथेलिओमाच्या तेहतीस रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतले बरेच जण खाणीत कधी काम न केलेले, नुसते तिथं वाढलेले होते. त्यांच्या लहानपणीची हवा कोणी मोजली नव्हती, म्हणून डॉक्टरांना त्यांच्या आठवणींवर विसंबावं लागलं. शरीर ही धूळ विसरत नाही, पण तिचं प्रमाण त्याला सांगता येत नाही. ते प्रमाण त्या दिवशी, त्या जागी, यंत्र लावूनच मिळतं. नंतर कितीही पैसा खर्च केला तरी मिळत नाही. ज्या माणसांना कारखान्याचं रजिस्टर नाही, संघटना नाही, विमा नाही, त्यांच्या बाजूनं चाळीस वर्षांनंतर बोलू शकेल असं एवढंच काही असतं. मॅडमनी तीसहून जास्त वर्षं ते निष्ठेनं तयार केलंय. आणि हे एका प्रयोगशाळेच्या सौजन्यावर सोडण्याचं काम नाही. छप्पर उतरवण्याची परवानगी, मुखवटा, साबणाचं पाणी, तळोज्याचा टेम्पो आणि हा एक कागद, एवढं प्रत्येक नगरपालिकेला आणि ग्रामपंचायतीला करता येण्यासारखं आहे.

सामान पेट्यांत भरलं जातंय. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली एक बाई पुढे येते. तिच्या शेडलाही असेच पत्रे आहेत, तिच्या शेजारणीच्याही, आणि पुढच्या दोन घरांच्याही.

"आमचे पण पावसाआधी काढायचेत बाय. तुमी येल काय?"

मॅडम पंचांग असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर बघतात, तिथी आणि भरतीची वेळ जुळवतात आणि पुढच्या गुरुवारची सकाळ सांगतात. पेटीतले दोन मुखवटे बाहेर काढून त्या नाखव्याच्या सुनेच्या हातात देतात. "हे इथंच ठेवा. गुरुवारी मी येईपर्यंत कोणी हातोडी लावायची नाही. आणि त्या दिवशी वर चढणार असतील त्यांची नावं आत्ताच सांगा, मी लिहून घेते."

बाई नावं सांगायला लागते. मॅडम वही उघडतात.